चटईक्षेत्र इथे कोण घेणार? गृहनिर्माण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव,
गृहनिर्माण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई
(प्रत माहितीस्तव : ग्रामविकास विभाग)

विषय : विदर्भातील गावे व लहान शहरे यांतील परवडणाऱ्या घरांसाठी सार्वजनिक-खाजगी भागीदारी

महोदय,

मी एका जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीची एकतीस वर्षे शाळाखोल्या, मोऱ्या, उपकेंद्रे आणि मुख्यतः घरकुले यांची मापे घेण्यात गेली. इंदिरा आवासची घरे मी मोजली आणि पुढे प्रधानमंत्री आवासचीही मोजली. २० मे २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेले राज्याचे नवे गृहनिर्माण धोरण मी वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या गावी, घराच्या ओसरीत बसून वाचले. २०३० पर्यंत ३५ लाख घरे आणि त्यासाठी ७० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक असे त्यातले आकडे आहेत, आणि या भाराचा मोठा वाटा खाजगी क्षेत्राने उचलावा अशी अपेक्षा आहे. त्या अपेक्षेला माझा विरोध नाही. सरकारी योजनेतले घर सरकारने स्वतःच्या हातांनी कधी बांधलेच नाही, ते ठेकेदाराने नाहीतर गावच्या मिस्त्रीनेच बांधले. माझे म्हणणे एवढेच आहे की भागीदार म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जो आहे तो शहरातला विकासक आहे, आणि त्याला मोबदल्यात जे देऊ केले जाते त्याला आमच्याकडे गिऱ्हाईक नाही.

मुंबईत १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनाची जी पद्धत रूढ झाली तिचा गाभा साधा आहे. विकासकाने झोपडीधारकाला मोफत घर बांधून द्यायचे, त्याबद्दल त्याला जादा चटईक्षेत्र, म्हणजे त्या जागेवर जास्त बांधकाम करण्याची परवानगी मिळायची, आणि त्यावर बांधलेली घरे खुल्या बाजारात विकून त्याने आपला खर्च व नफा काढायचा. सरकारच्या तिजोरीला झळ लागत नाही, कारण पैसा जमिनीच्या भावातून येतो. तो भाव जिथे आहे तिथे ही पद्धत बरीवाईट चालते. आमच्याकडे तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा दीड हजार फुटांचा प्लॉट घेणारा माणूस त्यावर सहाशे-सातशे फूट बांधतो आणि उरलेल्या जागेत न्हाणी, संडास, निंबाचे झाड आणि पऱ्हाटीची गंजी ठेवतो. ज्याला एक चटईक्षेत्र निर्देशांकही, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राइतके बांधकामही, पुरते वापरायचे नाही, त्याच्या गावात विकासकाला अडीच निर्देशांक देऊ करणे म्हणजे गाय नसलेल्याला दावे भेट देणे होय.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका लहान शहरात भागीदारीतून घरे बांधण्याचा घाट घातला गेला. प्रधानमंत्री आवासच्या शहरी योजनेत भागीदारीच्या प्रकल्पाला किमान २५० घरांची आणि त्यांतली ३५ टक्के घरे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी ठेवण्याची अट होती, म्हणून गावाबाहेर दोन किलोमीटरवर एवढी घरे मावतील अशी सरकारी जागा शोधण्यात आली. निविदापूर्व बैठकीला स्थानिक माहितगार म्हणून मलाही बोलावणे होते. नागपूरहून दोन विकासक आले. पहिल्याने नकाशावर बोट ठेवून विचारले की रस्त्याच्या तोंडाला दुकाने किती निघतील. चौदा, असे उत्तर मिळाल्यावर त्याने मोबाईलवर गुणाकार केला आणि मोबाईल खिशात टाकला. दुसऱ्याने विचारले की जी घरे विकली जाणार नाहीत ती परत घेण्याची हमी कोण देणार, तेव्हा टेबलाभोवतीची सगळी माणसे एकमेकांच्या फायलींकडे पाहू लागली. चहा आणि आलूबोंडे झाले, बैठक संपली. निविदेला तीनदा मुदतवाढ मिळाली आणि एकही देकार आला नाही. त्या दोघांना मी दोष देत नाही. त्यांनी हिशोब केला, आणि तो बरोबर होता.

केंद्राने सप्टेंबर २०१७ मध्ये अशा भागीदारीचे आठ नमुने जाहीर केले होते, दोन खाजगी जमिनीवरचे आणि सहा सरकारी जमिनीवरचे. सरकारी जमिनीवरच्या नमुन्यांतला विकासकाने आराखडा करून घरे बांधायची, सरकारच्या ताब्यात द्यायची आणि टप्प्याटप्प्याने पैसे घ्यायचे हा नमुना मला त्यातल्या त्यात सरळ वाटतो, कारण त्यात बांधणारा फक्त बांधण्याची जोखीम घेतो, विकण्याची घेत नाही. मिश्र विकासाच्या नमुन्यात चढ्या भावाच्या घरांतून स्वस्त घरे काढायची असतात, म्हणजे पुन्हा जमिनीचा भावच. वार्षिकीच्या नमुन्यात विकासक आधी आपला पैसा घालतो आणि सरकार त्याला वर्षानुवर्षे हप्ते देते. पण ज्या नगरपंचायतीचे नळयोजनेचे वीजबिलच थकलेले असते तिच्या पंधरा-वीस वर्षांच्या शब्दावर कोणती बँक विकासकाला उभे करील?

समजा, कोणी बांधलेच. ३० चौरस मीटरचे घर म्हणजे आतली वापराची जागा ३२३ चौरस फूट. भिंती, जिना आणि सामायिक जागा धरली की बांधकाम ४३० फुटांवर जाते. माझ्या अंदाजाप्रमाणे फुटाला १,६०० रुपये धरले तरी ६ लाख ८८ हजार होतात. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख वजा जाता ४ लाख ३८ हजार त्या कुटुंबाने आणायचे. त्यांपैकी चार लाख नऊ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाने उभे केले तर महिन्याचा हप्ता ३,६०० रुपयांच्या आसपास पडतो. २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे महिन्यातले साडेअकरा दिवस माणूस केवळ बँकेसाठी राबणार, आणि तेही काम बाराही महिने मिळाले तर. आमच्याकडे ते मिळत नाही. आषाढ-श्रावणात निंदणाचे पैसे येतात, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचणीचे येतात, होळीनंतर हात रिकामे असतात. बँकेचा हप्ता मात्र चैत्रातही पाच तारखेलाच कापला जातो.

शिवाय ते घर तिसऱ्या मजल्यावरचे. शेतमजुराच्या घरी दोन शेळ्या असतात, एखाद्याकडे बैलाचा कोठा असतो, सांदवाडीत वाल-दोडक्याचा वेल असतो, वेचून आणलेला कापूस चुकारा होईपर्यंत घरातच पडलेला असतो. यातले काय तिसऱ्या मजल्यावर न्यायचे, हे नकाशा काढणाऱ्याने एकदा सांगावे. मेक्सिकोत सरकारी पाठबळाच्या गृहकर्जावर खाजगी विकासकांनी शहरांपासून दूर लाखो घरे बांधली. २०१० च्या जनगणनेत त्या देशात सुमारे ५० लाख घरे रिकामी आढळली. त्यांतली सगळीच या कर्जातली नव्हती, पण कामापासून, शाळेपासून आणि नात्यागोत्यापासून दूर बांधलेल्या वसाहती लोकांनी सोडून दिल्या हा त्यातला मोठा भाग होता. आमचे दोन किलोमीटर त्या मानाने थोडे आहेत. पण पहाटे सहा वाजता वेचणीला नेणारी गाडी जुन्या गावातल्या पारापाशी थांबते.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण या पत्राचे मूळ तिच्यात आहे. एका उन्हाळ्यात माझ्या सहीने एका गावात एकवीस घरकुले उभी राहिली. नमुना नकाशात पायाची खोली तीन फूट होती आणि गाव पुरते काळ्या मातीतले. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हात आत जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि तिच्यावर उथळ बसवलेले घर दरवर्षी थोडे उचलते व थोडे खचते. हे मला पदविकेच्या वर्गापासून ठाऊक होते. तरी मी नकाशाप्रमाणे मापे लिहिली, कारण खोल पायाचे पैसे अंदाजपत्रकात नव्हते आणि मार्च जवळ आला होता. तिसरा पावसाळा उलटल्यावर त्या गावात गेलो, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने मला खिडकीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत तिरपी गेलेली भेग दाखवली. तिने तिच्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून शेणामातीने लिंपले होते. “इथून इच्चू येते न जी साहेब,” एवढेच ती म्हणाली. पैशांचे किंवा माझे नावही तिने काढले नाही. एकवीसपैकी किती घरांना भेगा होत्या हे मी त्या दिवशी मोजले नाही, आणि याचीही मला लाज वाटते.

आजही चित्र फारसे बदललेले नाही. माझ्या गल्लीत सध्या एका कुटुंबाचे ग्रामीण योजनेतले घरकुल चालू आहे. १ लाख २० हजारांचे मूळ अनुदान, त्यावर राज्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलेली ५० हजारांची वाढ, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि संडासाचे १२ हजार असा त्यांचा सगळा जमाखर्च आहे. पहिला हप्ता १५ हजारांचा. त्यात खड्डे खणायला सुरुवात झाली आणि मुरूम लागला साडेसहा फुटांवर. तिथपर्यंत खणून, मुरूम-गिट्टी कुटून, दगडी पाया जमिनीवर आणायचा तर आज पन्नास हजारांच्या आत काम भागत नाही, आणि पुढचा हप्ता जोते झाल्याचा फोटो चढवल्यावर. म्हणजे ज्या टप्प्याला सगळ्यात जास्त पैसा लागतो त्याच टप्प्याला माणसाच्या हातात सगळ्यात कमी असतो. मग तो खाजगी भागीदार शोधतोच, व्याजी पैसे देणारा. ही भागीदारी कोणत्याही धोरणात लिहिलेली नाही, पण विदर्भातल्या घरकुलांच्या पायात तिचा पैसा गाडलेला आहे.

खाजगी उद्योगाला बोलवायचे असेल तर त्याला इथे, या खड्ड्यापाशी बोलवा, अशी माझी विनंती आहे. काळ्या मातीसाठी उपाय नवा नाही. खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीच्या हलत्या थराच्या खाली नेऊन त्यांवर घर उभे करण्याची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली, आणि भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात तिचे नियम दिलेले आहेत. एका घरासाठी ते गिरमिट, सळईचे पिंजरे आणि सरावाची माणसे आणणे कोणत्याच लाभार्थ्याला परवडत नाही. मात्र एखाद्या एजन्सीला एका तालुक्यातले चारशे पाये एका उन्हाळ्यात मिळाले तर तो चांगला धंदा होतो, आणि असा धंदा करू शकणारी माणसे आमच्या जिल्ह्यातच आहेत. पवनचक्क्यांचे, मोबाईल मनोऱ्यांचे आणि महामार्गांचे पाये त्यांनीच घातले. विभागाने निविदा काढायची ती घरांची काढू नये, जमिनीपासून जोत्यापर्यंतची काढावी. दर प्रत्येक पायाला ठरावा, मातीची तपासणी एजन्सीने करावी, पैसे थेट शासनाने द्यावेत, आणि देयकाचा पाचवा हिस्सा तिसरा पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा. रेरा या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. घरकुलवाल्याला असे संरक्षण कोणाकडूनच नाही, कारण कागदोपत्री बांधणारा तो स्वतःच असतो. पायापुरती तरी दहा वर्षांची हमी त्याला मिळावी. वरचे घर तो आपल्या मिस्त्रीकडून, आपल्या सवडीने, आपल्याला हवे तिकडे दार ठेवून बांधील. पहिल्या वर्षी एकच खोली झाली तरी तिला तडा जाणार नाही.

या विचाराला आधार आहे. बांगलादेशात ग्रामीण बँकेने १९८४ पासून खेड्यांतल्या भूमिहीन व गरीब कर्जदारांना घरासाठी छोटी कर्जे दिली. कर्जाबरोबर चार सिमेंट-काँक्रीटचे खांब, संडासाची तयार बैठक आणि छपरासाठी पन्हाळी पत्रे मिळत. पुरात टिकणारा सांगाडा एवढाच बाहेरून आला. कुड बांबूचा, तागाच्या काड्यांचा की पत्र्याचा, हे घरच्यांनी ठरवले. जागा बाईच्या नावावर असावी अशी अट होती. या कार्यक्रमाला १९८९ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. तिथे धोका पुराचा होता, इथे मातीचा आहे. ज्या भागाला तंत्र आणि भांडवल लागते तेवढाच भाग बाहेरच्या भागीदाराकडे सोपवावा, हा त्यातला हिशोब आम्हाला लागू पडतो.

शासनाचा स्वतःचा वाटा मात्र कोणत्याही भागीदाराच्या गळ्यात घालता येणार नाही, आणि तो वाटा जमिनीचा आहे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनींवर वस्त्या, शाळा, इतकेच काय सरकारी कार्यालयेही उभी आहेत. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वन ठरवल्या, आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना नियमित करण्याची वाट मोकळी ठेवली. ती वाट राज्याने प्रस्ताव पाठवून चालायची आहे. ते होईपर्यंत तिथल्या माणसाचे नाव घरकुलाच्या यादीत येते आणि जागेच्या कागदापाशी अडते. गावठाणाबाहेरच्या सरकारी जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय आहे. जागा खरेदीसाठी दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मिळणारे अर्थसाहाय्य ५० हजारांवरून एक लाख झाले आहे. ड्रोनने गावठाणे मोजून आखीव पत्रिका (जागेच्या मालकीचा कागद) देण्याचे काम सुरू झाले आहे. या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि तिन्ही तीन वेगवेगळ्या टेबलांवर आहेत. एका बाईला माझ्यासमोर एका टेबलावर सांगण्यात आले की आधी घरकुल मंजूर करून आणा, आणि दुसऱ्या टेबलावर सांगण्यात आले की आधी जागा दाखवा. ती त्या दिवशी मजुरी पाडून आली होती.

तशीच गत हद्दीची आहे. तालुक्याच्या मुख्यालयांच्या नगरपंचायती झाल्यापासून रस्त्याच्या अलीकडचा मजूर शहरी योजनेत गेला आणि त्याचे अनुदान अडीच लाख झाले, पलीकडचा ग्रामीण योजनेत राहिला. दोघे एकाच शेतात वेचतात, दोघांचा मिस्त्री एक, रेती एकाच घाटाची, काळी मातीही तीच. या फरकाचे समर्थन मला निवृत्तीपूर्वीही करता येत नव्हते. निदान पायाची निविदा तरी दोन्ही विभागांनी मिळून एकच काढावी. गिरमिटाला हद्द कळत नाही.

कर्जाबद्दल थोडक्यात लिहितो. ग्रामीण घरासाठी दोन लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतीची योजना २०१७ मध्ये आली होती. तिचा लाभ घेतलेले एकही घर माझ्या ओळखीच्या गावांत नाही. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती बँका डबघाईला आल्यापासून खेड्यातल्या माणसाच्या माहितीची बँक उरली नाही. बचत गट मात्र आहेत आणि त्यांची परतफेड चोख आहे. शासनाने व्याजाऐवजी बुडीताची हमी घ्यावी आणि हप्ता महिन्याचा न ठेवता वर्षातून दोनदा, सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाच्या शेवटच्या चुकाऱ्यानंतर घ्यावा. महा आवास अभियानात उमेद या शासकीय अभियानातल्या बचत गटांनी चालवलेली घरकुल मार्ट, म्हणजे बांधकाम साहित्याची दुकाने, काही ठिकाणी निघाली होती. सिमेंट-लोखंड थेट कंपनीकडून उधारीवर मिळण्याची सोय झाली तर तीच खरी खाजगी भागीदारी ठरेल. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांची राख आमच्या उशाशी पडली आहे, तिच्या विटांना याच कामात हक्काचे गिऱ्हाईक मिळेल. (सेवाग्रामच्या बापू कुटीचा दाखला देण्याचा मोह टाळतो. तो भाषणांत पुरेसा दिला जातो.) घरकुलासाठी पाच ब्रास रेती मोफत, असा नियम आहे, तो घाटावर पोचला की आपणास कळवीन.

आमच्या तालुक्यात एक उन्हाळा हे करून पाहावे, एवढीच मागणी आहे. त्या तालुक्यातली माती मी फिरून पाहिलेली आहे आणि मुरूम कुठे किती खोल लागतो याच्या माझ्या जुन्या वह्या अजून घरी आहेत. विभागाने मागितल्या तर आणून देईन. माझ्या गल्लीतले ते साडेसहा फुटांचे खड्डे अजून उघडे आहेत. मृग लागण्यापूर्वी ते भरावे लागतील. त्याआधी विभागातले कोणी नागपूरला आलेच, तर एक दिवस इकडे यावे आणि खड्ड्यात उतरून माती हातात घेऊन पाहावी.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
जिल्हा वर्धा